कोअरची जागा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीपर्यंत जायला, तावडे हॉटेलपाशी फारशी कोंडी नसेल तर, सकाळी अर्धा तास लागतो. 'लिंकिन पार्क' या अमेरिकन रॉक बँडचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम साधारण बत्तीस मिनिटांचा आहे, त्यामुळे गाडी गेटमधून आत घेऊन झाडाखाली लावेपर्यंत त्यातले अकरावे गाणे संपत आलेले असते. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी तो प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून कामावर जाताना बहुतेक त्याचीच सोबत असते. तरीही तो आपल्याला आवडला आहे, हे स्वतःशी कबूल करायला मला कित्येक महिने लागले.

याचे कारण या बँडचा मूळ आवाज, गायक चेस्टर बेनिंग्टन. या बँडचा 'हायब्रिड थिअरी' हा पहिला अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला आणि त्यानंतर वर्षभरात त्याची कॅसेट मी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून, महिन्याच्या मेसच्या पैशांतून, घरी न सांगता विकत घेतली. हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू झालेला आवाज दोन ओळींत छाती फाडून बाहेर पडतो, हे मी पहिल्यांदा त्या कॅसेटवर ऐकले. मे २०१७ मध्ये 'वन मोअर लाइट' आला आणि २० जुलै २०१७ रोजी चेस्टरने स्वतःचे आयुष्य संपवले. बँड गप्प झाला आणि मीही ती गाणी लावायचे बंद केले. सात वर्षांनी, ५ सप्टेंबर २०२४ ला, नव्या संचाची घोषणा झाली. ड्रमवर कॉलिन ब्रिटन आणि चेस्टरच्या जागी 'डेड सारा' या बँडची गायिका एमिली आर्मस्ट्राँग.

बाई? ही माझी पहिली प्रतिक्रिया होती आणि ती नोंदवताना आज मला संकोच वाटतो. ज्या गावच्या गायकनट केशवराव भोसल्यांनी पोरवयात 'संगीत शारदा'तल्या शारदेची भूमिका गाऊन महाराष्ट्र गाजवला, त्या गावच्या माणसाने पुरुषाची गाणी बाई म्हणणार म्हणून नाक मुरडावे, याला काय म्हणायचे!

केशवरावांची आठवण उगीच झाली नव्हती. या घोषणेच्या महिनाभर आधी, ८ ऑगस्टच्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, खासबाग मैदानालगतचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू होती. पुढे कितीतरी दिवस गावात एकच मागणी ऐकू येत होती, ती म्हणजे जसे होते तसेच पुन्हा उभारा. त्या दिवसांत मला राहून राहून १९२१ सालचे प्रेक्षक आठवत. जुलैमध्ये बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमाना'त धैर्यधर गाणारे केशवराव ऑक्टोबरमध्ये, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, गेले. त्यांच्या 'ललितकलादर्श' या नाटक मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली. बापूरावांचे पहिले पद ऐकायला जे रसिक आले असतील, ते हाताची घडी घालूनच बसले असतील, याविषयी मला शंका नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलो होतो.

पण बँडचा दुसरा जुना गायक आणि रॅपर माइक शिनोडा हा मुरलेला सूत्रधार आहे. 'द एम्प्टिनेस मशिन' या गाण्यात पहिले कडवे आणि पहिले ध्रुवपद तो एकटाच गातो. आपला ओळखीचा माणूस समोर आहे म्हणून ऐकणारा सैलावतो आणि दुसऱ्या कडव्याला, कसलाही गाजावाजा न होता, एमिली प्रवेश करते. नटीला विंगेत थांबवून आधी नांदी उरकून घेण्यातला शहाणपणा त्यात आहे. पुढच्या 'हेवी इज द क्राउन'मध्ये मात्र ती सलग सोळा सेकंद किंचाळते. २००७ च्या एका गाण्यातली चेस्टरची सतरा सेकंदांची किंकाळी ज्यांना पाठ आहे, त्यांच्या हातात इथे आपोआप घड्याळ येते. मीही मोजले. मग मोजल्याची लाज वाटली, कारण ती किंकाळी त्याच्यासारखी नाहीच. तिचा आवाज खरखरीत आहे, कडांना चरे पडलेला आहे. चेस्टरचा आवाज तुटताना दुखावलेला वाटे, हिचा चिडलेला वाटतो.

आमच्या धंद्यात पोकळ कास्टिंग करायचे असेल, तर साच्यात वाळूचा एक कोअर बसवतात. वितळलेले लोखंड त्याच्याभोवती भरते आणि गार झाल्यावर कोअर झडून गेला की आत हवी ती पोकळी उरते. पंपाचे केसिंग भरीव ओतले तर ते भंगारातच जाईल. हा अल्बम मला तसा ओतलेला वाटतो. चेस्टरची जागा त्यांनी एमिलीने भरलेली नाही, ती जागा राखून बाकीचे सगळे तिच्याभोवती ओतले आहे. 'ओव्हर ईच अदर' हे तिचे एकटीचे गाणे म्हणूनच इतके स्वच्छ उतरले आहे. तिथे तुलनेला दुसरे काही शेजारीच नाही.

तक्रारी आहेत. पॅटर्न जुनाच आहे. हळू कडवे, मोठे ध्रुवपद, मध्ये शिनोडाचा रॅप. 'टू फेस्ड' तर २००१ मधून उचलून आणल्यासारखे वाटते. ते मला आवडते, पण ती आवड माझ्या वयाची आहे. 'स्टेन्ड' दर वेळी पंचगंगेच्या पुलावर लागते आणि पूल ओलांडेपर्यंत विसरले जाते. उलट 'कॅज्युअल्टी'सारखे रासवट, दोन मिनिटांच्या आसपास आटोपणारे गाणे या बँडकडून अपेक्षित नव्हते. तसली आणखी दोन चालली असती.

शेवटचे 'गुड थिंग्ज गो' मात्र मी गाडी थांबवूनही पूर्ण ऐकतो. चांगल्या गोष्टींसाठी असलेली जागा कधी कधी वाईट गोष्टी बळकावतात, अशा अर्थाचे त्याचे ध्रुवपद आहे आणि ते म्हणताना दोघांपैकी कोणीही आवाज चढवण्याची घाई करत नाही. परवा शाळेला सुट्टी म्हणून लेक गाडीत होती. ते गाणे संपल्यावर मी मुद्दाम चेस्टरचे एक जुने गाणे लावले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "पप्पा, हिची गाणी हा कोण म्हणतोय?"

आधी हाच म्हणायचा, असे मी सांगितले.

"असू दे की," ती म्हणाली, "मी तर हिचंच आधी ऐकलंय."

भोंगा झाला होता, पण मी ते गाणे बंद केले नाही.