पावसातला सानरिकू किनारा

आज दिवसभर जपानच्या ईशान्येकडच्या सानरिकू किनाऱ्याने गाडी मीच चालवली. कामाइशीहून निघालो तेव्हा जो पाऊस लागला तो कुजीला पोचेपर्यंत, मधे दहा मिनिटं उघडला असेल नसेल. जूनअखेर म्हणजे इकडे त्सुयु, इथला पावसाळा, त्यात ईशान्येकडून येणारा तो थंड यामासे वारा, जून असून गाडीत हीटर लावायला लागला आणि पुढची काच सारखी धुरकट होत होती.

नवीन एक्सप्रेसवे आहे, सेंदाई ते हाचिनोहे, 359 किलोमीटर, 2021 मधे पूर्ण झाला, बराचसा फुकट पण आहे. नवऱ्याचं म्हणणं पावसात त्यानेच जाऊ. पण मला जुना 45 नंबरचाच रस्ता हवा होता. हा रस्ता खाडीत उतरतो, गाव लागतं, परत घाट चढतो, परत पुढची खाडी, अगदी कोकणात जातोय असं वाटतं. फक्त गावात उतरलं की समुद्र दिसतच नाही. घाटातून दिसलेला असतो, करडा, पावसात मिसळलेला, आणि खाली आलं की समोर नुसती काँक्रीटची भिंत. उतारावर पाटी असते की मागच्या त्सुनामीत पाणी आलं होतं तो भाग इथून सुरू, आणि पलीकडच्या चढावर दुसरी पाटी, तो भाग इथे संपला. ही दुसरी दिसली की दरवेळी हायसं वाटायचं, समुद्र शांत होता तरी.

मियाकोच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून ओमोए द्वीपकल्पात शिरलो, आनेयोशी नावाच्या वाडीसाठी. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, समोरून गाडी आली की थांबायचं. तिथला दगड बघायचाच होता मला. कमरेच्या थोडा वर येईल एवढाच आहे, रस्त्याच्या कडेला, कोरलेल्या अक्षरांतून पाणी ओघळत होतं. 1896 च्या त्सुनामीत या वाडीतली फक्त दोन माणसं वाचली, लोक परत खाली जाऊन राहिले, 1933 मधे परत तेच, तेव्हा चार वाचली. मग हा दगड लावला, याच्या खाली घरं बांधू नका म्हणून. 2011 च्या त्सुनामीत इथे पाणी 40 मीटरच्या वर चढलं आणि दगडाच्या खालीच थांबलं. वरची घरं शाबूत. छत्री नवऱ्याकडे देऊन मी त्या दगडाला हात लावला, नमस्कार केला म्हणा ना, अगदी मनापासून.

तारोला मात्र जीव जड झाला. इथे 1933 नंतर भिंत बांधायला घेतली होती, 10 मीटर उंच, पुढे वाढत वाढत जवळजवळ अडीच किलोमीटर झाली, लोकांना तिचा केवढा भरवसा. 2011 ला पाणी तिच्यावरून आलं. दोनशेच्या आसपास माणसं गेली. सहा मजली हॉटेल जतन करून ठेवलंय, खालच्या दोन मजल्यांचा नुसता लोखंडी सांगाडा, त्यातून वारा आरपार, वरच्या मजल्यांना खिडक्या तशाच. मी बाहेरूनच बघितलं. आता समुद्राकडे 14.7 मीटरची नवी भिंत आहे.

फुदाईला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. इथे नदीच्या तोंडाशी लाट अडवायला 15.5 मीटर उंचीचं गेट आहे, 1984 मधे पूर्ण झालं, आधीच्या सरपंचांच्या हट्टामुळे, कोतोकू वामुरा नाव त्यांचं. एवढ्याशा गावाला एवढा खर्च कशाला म्हणून लोकांनी तेव्हा बोल लावले. 2011 ला लाट गेटच्याही वरून आली पण तिचा जोर तिथेच मोडला, गाव वाचलं. वामुरांना हे बघायला मिळालं नाही, ते 1997 लाच गेले. नंतर गावकरी त्यांच्या समाधीवर जाऊन आभार मानून आले.

कुजीत रात्री जेवताना आमचं यावरच चाललं होतं. नवरा म्हणतो फुदाईचं गेटच बघ ना, भिंत उंच असली की झालं. मला नाही पटत. तारोची भिंतही त्या काळात उंचच होती की, आणि भिंतीमागे बसलं की पाणी कुठवर आलंय ते दिसतच नाही, मी तर वर राहायला जाईन आणि समुद्र डोळ्यांसमोर ठेवीन. तो म्हणाला मच्छीमाराने रोज होडीपर्यंत एवढं चढायचं उतरायचं का. यावर मला उत्तर सुचलं नाही, पण मत तेच आहे. उद्या उजाडलं की कितायामाझाकीचे कडे बघायला परत थोडं मागे यायचंय, धुकं असलं तरी जाणारच.