तुम्ही विचारलंत म्हणून: घर बघायला जाताना

"वकील कागद बघतो, बँकेचा माणूस येऊन जातो. मग तुम्ही वेगळं काय बघता?" घर घेऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. आणि विचारतो बहुधा डिसेंबरात, कारण गोव्यातली घरं बघायला लोक तेव्हाच येतात. हवा छान, अंगण झाडलेलं, भिंतींना नवा रंग.

मला त्या रंगाचीच धास्ती. मी फोंड्याचा. इंजिनीअर म्हणून बांधकामांवर हयात गेली. आता कुणी बोलावलं तर घर तपासायला बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातो. सगळं घर रंगवलेलं असेल तर एक वेळ ठीक. एकाच खोलीची एकच भिंत कमरेपर्यंत रंगवली असेल, तर मी तिथेच बसकण मारतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा पाणी पितो. पायातून ओल चढते, ती वाळताना क्षार मागे राहतात, लोणा फुटतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. त्यात कुणी हौसेने चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला असेल, तर कोंडलेली ओल आणखी वर सरकते. बार्देशातल्या एका घरात रंगकामाच्या मेस्ताला मी हळूच विचारलं, भिंत कशी आहे रे? तो हसला. म्हणाला, "पावसांत येयात, मागीर पळयात." म्हणजे पावसात या, मग बघा. माझी अख्खी विद्या त्या वाक्यात आली.

पावसात जाणं शक्य नसेल तर शिडी मागा. कौलांच्या फटींतून दिसणाऱ्या उजेडाला घाबरू नका, शाकारणी केली की ते भागतं. बघायची ती वाशांची टोकं, जिथे ती भिंतीवर टेकतात. लाकूड कुजतं ते तिथून. स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो खोबऱ्यात शिरल्यासारखा आत गेला, तर तो वासा संपला. वाळवीच्या मातीच्या रेषाही तिथेच सापडतात. (एका घरात कोपऱ्यात चांगलं गुडघाभर वारूळ होतं आणि त्यावर जास्वंद वाहिलेली. वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीच्या मुलखात त्याला हात लावा म्हणून कोण सांगणार? मी "पूर्वेचा कोपरा तपासता आला नाही" एवढंच लिहिलं.)

भेगा पाहून लोक उगाच हबकतात. काँक्रीटचा खांब आणि चिऱ्याची भिंत यांच्या सांध्यावरची उभी बारीक भेग नेहमीची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पाया खचल्याचं सांगत असते. तिच्यावर प्लास्टरची पट्टी लावून तारीख घालायची. दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर भेग अजून जिवंत आहे. समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये तुळईच्या पोटाशी लांबीभर गेलेली भेग शोधा. आत सळी गंजून फुगलेली असते.

विहीर असेल तर सेप्टिक टँक कुठे ते आधी विचारा. मी निदान पन्नास फूट अंतर धरतो, कारण चिऱ्यातून पाणी फार लवकर झिरपतं. आणि मे महिन्यातलं पाणी किती खोल जातं, ते मालकाऐवजी शेजाऱ्याला विचारावं.

बँकेचा माणूस घराची किंमत काढतो, कर्ज वसूल होईल ना एवढंच त्याला बघायचं असतं. कागद वकिलाचे: एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा), घरात मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने राहणारा आणि कायद्याचं संरक्षण असलेला रहिवासी, आहे का, आणि 1867च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे नवरा-बायको दोघांच्या सह्या. मी फक्त सर्व्हेच्या नकाशावर घर आहे तेवढंच आहे का ते बघतो. मागची पडवी बऱ्याचदा नकाशात नसते.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तिथे करारातच तपासणीची अट घालतात. परवानाधारक तपासनीस येतो, फोटोंसकट अहवाल देतो, आणि त्यावरून भाव उतरतो नाहीतर सौदा मोडतो. आपल्याकडे असा परवाना नाही, पण अट घालायला कुणी अडवलेलं नाही. विसार देण्याआधी ती लिहून घ्या. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55प्रमाणे, साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष माहीत असेल तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. नव्या फ्लॅटला रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा, आधार: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा.

विकणारेही विचारतात, आधी घराला रंग लावून घेऊ का? मी म्हणतो, आधी मला बोलवा. म्हार्दोळच्या एका आजींनी तर मला बोलावण्याचीही तसदी घेतली नाही. गिऱ्हाइकाला हाताला धरून घरभर फिरवलं. "ह्या कोपऱ्यात टोप ठेवायचा, त्या खोलीत बालदी. मोठा पाऊस आला तर देवघरातही एक तांब्या." मेस्ताने छपराचा खर्च सांगितला, तेवढा किमतीतून वजा झाला, आणि एका बैठकीत सौदा ठरला. चाव्या देताना आजींनी तो टोपही दिला. शाकारणीपर्यंत लागेल म्हणाल्या.