बाबांची अँजिओप्लास्टी: कॅज्युअल्टीचे आभार आणि डिस्चार्जचा वैताग

आधी कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, सगळ्यांचे मनापासून आभार. छातीत दुखणारा पेशंट हॉस्पिटलात आल्यापासून 10 मिनिटांत त्याचा ईसीजी निघायला हवा. बाबांचा तर केसपेपर व्हायच्या आधीच निघाला. अ‍ॅस्पिरिन गिळायला नव्हे, चावायला दिली, म्हणजे लवकर लागू पडते. सिस्टरनी सलाईनची सुई मुद्दाम डाव्या हाताला लावली, कारण अँजिओग्राफी उजव्या मनगटातून व्हायची होती. स्ट्रेचरवाले मामा लिफ्ट अडवून उभेच होते. पैशांचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

वैताग आला तो डिस्चार्जला. डॉक्टर सकाळच्या राउंडला ‘आज घरी’ म्हणाले, सुटका झाली रात्री. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची (विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलचं बिल भरण्याची) पहिली मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची 3 तासांत द्यावी लागते. पण ते 3 तास मोजायचे हॉस्पिटलची विनंती विमा कंपनीकडे पोचल्यापासून. त्याआधी डिस्चार्ज समरी टाइप होणार, कन्सल्टंटची सही होणार, उरलेली औषधं फार्मसीत परत जाणार, मग फायनल बिल. म्हणून टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातलं विम्याचं काउंटर) ‘मंजुरी आली का?’ विचारून उपयोग नाही. ‘फाइल किती वाजता पाठवली?’ हे विचारा. औषधं परत करायचं काम आदल्या संध्याकाळीच उरकायला सांगा.

फाइल गेली आणि क्वेरी आली: बीपी कधीपासून? पहिल्या कागदावर नुसतंच ‘जुना बीपी’ लिहिलेलं. पॉलिसीच्या आधीचा आजार आहे का, हे कंपनीला त्यावरून ठरवायचं असतं. खुलाशाचं पत्र डॉक्टरांनीच द्यायचं आणि डॉक्टर कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत! तेव्हा बीपी, शुगर कोणत्या साली निघाली ते पहिल्याच कागदावर नीट लिहून घ्या. जुनं प्रिस्क्रिप्शन मोबाइलमध्ये असू द्या. स्टेंटच्या (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या) पाकिटावरचं सिरियल नंबरचं स्टिकर फाइलला लागलंय ना, तेही बघा. ग्लोव्हजसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत आपल्यालाच भरावे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

हो, घरून निघताना पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका. 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स मोफत येते.

बिलाचा राग कॅज्युअल्टीच्या सिस्टरवर काढणारे नातेवाईक पाहिले आणि फार वाईट वाटलं. सिस्टरचा बिलाशी काडीचा संबंध नसतो. आम्ही आभाराचं पत्र मेट्रनच्या (सगळ्या सिस्टरच्या प्रमुख) ऑफिसात दिलं. त्यावर तारीख आणि ड्युटीची पाळी लिहिली, मामा-मावशींचीही नावं विचारून घातली.