चोचीवरून हंस ओळखणारा चित्रकार

हिवाळ्यात मी शाळेतल्या मुलांना नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर या पाणथळ जागी पक्षी पाहायला नेते, तेव्हा त्यांच्या हाती कॅमेरा न देता वही आणि पेन्सिल देते. त्यावर पालक मला नेहमी विचारतात, ‘बाई, फोटो एका क्षणात निघतो, मग चित्र काढण्यात मुलांचा वेळ का घालवता?’ तुम्हीही तेच विचारलेत म्हणून सविस्तर सांगते. आणि सांगायचे तर मला पीटर स्कॉट या इंग्रज चित्रकाराविषयीच सांगावे लागेल, कारण ही पद्धत मी त्याच्याकडून घेतली आहे.

दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 साली बर्फात मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचा हा मुलगा. वडील गेले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. अखेरच्या दिवसांत तंबूत बसून पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले होते, की जमल्यास मुलाला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लाव, खेळांपेक्षा ते चांगले. आई कॅथलीन शिल्पकार होती. म्हणजे एकाने निसर्ग सुचवला आणि दुसरीच्या घरात माती, छिन्नी, रेखाटने होतीच. तरीही मुलगा थेट पक्ष्यांचा रक्षणकर्ता झाला नाही, आणि मला त्याच्या आयुष्याचा हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी तो पाणथळीतला पट्टीचा शिकारी होता. पहाटेच्या धुक्यात ज्या कलहंसांवर तो बंदूक रोखायचा, त्यांचेच उडते थवे तो कॅनव्हासवर रंगवायचा, आणि त्या चित्रांवर त्याचा उदरनिर्वाहही चालत असे. पुढे एकदा गोळी लागून चिखलात अडकलेला, जिवंत असूनही कोणाच्या हाताला न लागणारा एक कलहंस त्याने पाहिला. तो प्राणी त्याच्या मनातून गेला नाही आणि अखेर त्याने शिकार सोडली. ज्याने पक्ष्याचा प्रत्येक पंख इतक्या बारकाईने रंगवला होता, त्याला त्या पक्ष्याची वेदना नजरेआड करता आली नसावी, असे मला वाटते.

1946 मध्ये इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्लिमब्रिज येथे त्याने पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. हवाई बेटांवरचा नेने नावाचा कलहंस तेव्हा नष्ट होण्याच्या मार्गावर होता. रानात जेमतेम तीसच्या आसपास पक्षी उरले होते. 1950 मध्ये तिथून जोडी म्हणून मागवलेले दोन पक्षी स्लिमब्रिजला आले आणि दोघींनीही अंडी घातल्यावर उलगडा झाला, की त्या दोन्ही माद्या आहेत! तातडीने एक नर विमानाने आणवला गेला, पिल्ले झाली, वंश वाढला आणि 1962 मध्ये स्लिमब्रिजचे पक्षी हवाईच्या माउई बेटावर परत सोडण्यात आले. जागतिक वन्यजीव निधीचे 1961 मधले पांडाचे बोधचिन्हही स्कॉटच्याच हातचे आहे, पण मुलांना मी सांगते ती गोष्ट पांडाची नव्हे, हंसांची.

स्लिमब्रिजला तो नुसता काम करत नव्हता, त्याचे घरच तिथे होते. पहिला विवाह टिकला नाही. 1951 मध्ये आइसलँडला कलहंसांच्या अभ्यासमोहिमेवर असताना त्याने सहकारी फिलिपा हिच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलीचे नाव डाफिला. आपल्याकडे जे तलवार बदक हिवाळ्यात येते, त्याच्या प्रजातीचे हे जुने शास्त्रीय नाव. स्कॉटच्या चित्रशाळेची भली मोठी खिडकी तळ्यावर उघडत होती आणि रशियाच्या उत्तर टोकाकडून थंडीत येणारे बेविक हंस त्या तळ्यावर उतरत. 1964 च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की प्रत्येक हंसाच्या चोचीवरची पिवळ्या-काळ्या रंगाची नक्षी वेगळी असते. दोन पक्षी कधी सारखे नसतात. मग आई, वडील आणि शाळकरी डाफिला असे सारे घर कामाला लागले. एकेका हंसाची चोच समोरून आणि बाजूने रेखाटायची, त्याला नाव द्यायचे आणि पुढच्या हिवाळ्यात तो परतला की वही उघडून ओळख पटवायची. कोण कोणाचा जोडीदार, कोण पिल्ले घेऊन आला, कोण आलाच नाही, हे सारे त्या रेखाटनांवरून कळू लागले. पक्ष्याला न पकडता, पायात कडे न घालता, केवळ पाहून आणि रेखाटून हंसांच्या कुटुंबांचा इतिहास लिहिला गेला, आणि ते काम आजही चालू आहे.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आहे. फोटो काढणाऱ्या मुलाला ‘हंस’ मिळतो. चोच रेखाटणाऱ्या मुलाला ‘तो हंस’ भेटतो, कारण पिवळा रंग चोचीवर कुठवर उतरतो हे रेखाटताना ठरवावेच लागते, आणि ते ठरवण्यासाठी मान वर करून पुन्हा पाहावे लागते.

स्कॉट 29 ऑगस्ट 1989 रोजी गेला, ऐंशी पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी 1971 मध्ये झालेल्या रामसर कराराच्या घडणीत स्लिमब्रिजच्या मंडळींचा मोठा वाटा होता, आणि गोदावरी-कादवेच्या संगमावरचे आमचे नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये त्याच करारात महाराष्ट्रातले पहिले स्थळ म्हणून नोंदले गेले. तिथल्या मनोऱ्यावरून तलवार बदके दिसली, की मी मुलांना सांगते, एका चित्रकाराने आपल्या लेकीला या पक्ष्याचे नाव दिले होते. मग सगळ्यांच्या वह्यांत आधी ती लांब, टोकदार शेपटी उमटते, आणि मी त्यांना म्हणते, ‘आता चोच बघा.’