कळमन्याची संत्री, सौंसरची माणसं

नागपुरातल्या कळमन्याच्या संत्राबाजारात पहाटे शिरलो आणि आधी डोळ्यांत भरल्या त्या गाड्यांच्या नंबरप्लेटा. एमएच 40, एमएच 27, आणि मधेमधे एमपी 28, म्हणजे छिंदवाडा. आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्यांचे दिवस होते. कोल्हापुरात आम्ही ‘नागपुरी’ म्हणून घेतो ती संत्री काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीची, एवढं ठाऊक होतं. राज्याच्या हद्दीपलीकडच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बागाही त्यात आहेत, हे इथे आल्यावर कळलं.

बाकी नागपूर पाहिलं. दीक्षाभूमीवर मन शांत झालं, रामटेकला गर्दीने वीट आला, सावजी रस्सा आमच्या तांबड्यापेक्षा जहाल निघाला. पण मनात घर केलं ते कळमन्याने.

जमिनीवर संत्र्यांचे ढीग लागले होते. हर्रास, म्हणजे लिलाव करत अडत्या एकेका ढिगाशी यायचा, मागोमाग व्यापाऱ्यांचा घोळका. एकाने वरची फळं सोडून हात खाली खुपसला, तळातलं एक संत्रं काढलं, अंगठ्याने फोडलं, फोड चाखली आणि भाव बोलला. ढिगाचा मालक सौंसरकडचा. त्याने अडत्याकडे नुसतं पाहिलं, अडत्याने मान हलवली, सौदा झाला. त्याच्या वडिलांचा मालही याच अडतीवर यायचा म्हणे. दोन राज्यांतला हा व्यवहार असा दोन पिढ्यांच्या विश्वासावर चाललेला पाहून मला फार बरं वाटलं.

ढिगाच्या मालकाने, त्या सौंसरच्या काकांनी, आग्रहाने चहा पाजला. घरी मराठीच, तहसिलात हिंदी. हातात आलेल्या पैशातून इतवारीत कापड घ्यायचं होतं, मग धंतोलीत आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हणजे कळमन्यात मिळालेला पैसा संध्याकाळपर्यंत नागपुरातच फिरणार. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं, त्याचा फटका वरुडइतकाच सौंसरलाही बसला, हेही त्यांनीच सांगितलं.

मुलीचा विषय निघाला तेव्हा मात्र ते थांबले. “माल आणाले कोनी अडवत नाही, भाऊ. पोरीले इथं कॉलेजात टाकाले गेलो, त मने डोमिसाइल आना. बारावी तिकडची, मंग इथची सीट नाही.” मुलगी आता छिंदवाड्याला शिकते.

मला हे फार लागलं. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा देवगडचा, आणि ते देवगड छिंदवाडा जिल्ह्यात. पेंच नदीही तिकडूनच येते. तोतलाडोहात तिचं पाणी अडतं आणि नागपूरकरांच्या नळाला येतं. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशचीच राजधानी होती, म्हणजे सौंसरच्या माणसाचं सरकारी काम आणि बाजार एकाच गावात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत मधे रेघ पडली. बाजार जागेवर राहिला, कचेऱ्या भोपाळला गेल्या. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, पुढे ब्रॉडगेज झाली. रुळांची रुंदी बदलायला दोन्हीकडचे लोक तयार होतात, मग प्रवेशाचा नियम बदलायला काय अडचण आहे?

आमच्याकडे बेळगाव-निपाणीसह कर्नाटक सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाची सवलत आहे. तिथे सीमातंटा आहे म्हणून ती सोय झाली. सौंसर-पांढुर्ण्याशी आपलं भांडण नाही, नुसता व्यापार आहे, भाषा आहे, सोयरिकी आहेत. शांततेत राहणाऱ्यांची मुलं सवलतीला मुकावीत, हे मला पटत नाही. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन बहुधा हिवाळ्यात याच शहरात भरतं, नेमकं आंबियाची संत्री कळमन्यात येतात त्या दिवसांत. आमदारांनी एक पहाट तिथे यावं, एमपी 28 च्या गाडीपाशी उभं राहून त्या काकांशी बोलावं आणि प्रवेशाचा हा प्रश्न सभागृहात मांडावा.