तुम्ही विचारलंत म्हणून: भूगोलाच्या मास्तरचं पोडावर काय काम?

"मास्तर, तुमी भूगोल शिकवता ना जी? मंग सुट्टी आली का पोडावर कायले जाता?" पांढरकवड्याच्या स्टँडवर चहा पिताना कोणीतरी विचारतंच. मी हसून सोडून देतो. आज सांगतो.

पोड म्हणजे कोलाम या आदिवासी जमातीची वस्ती. वीस-तीस घरं, कुडाच्या भिंती, मधोमध चावडी. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडे डोंगराच्या अंगाला अशी पोडं दिसतात. जनगणनेच्या यादीत दिसत नाहीत, कारण तिथं मोजतात ते महसुली गाव. पोडावरची माणसं खालच्या मोठ्या गावाच्या बेरजेत जातात. (गाववाले वाईट नाहीत. पण टाकी कुठं बांधायची हे ग्रामसभेत हात मोजून ठरतं, अन् पोडाचे हात कमी.) वस्त्यांचे प्रकार, केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती, मी वर्षानुवर्षं शिकवतोय. परीक्षेला हमखास येतात.

पहिल्यांदा गेलो ते एका विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यापायी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याने ना शाळा पाहिली ना सातबारा, त्याने तो कुठून आणावा? उरतं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी वही. दोन दिवस पानं उलटली. हात लागला की कोपरा तुटे. शेवटी पोराच्या पणज्याची नोंद सापडली. नुसतं नाव, बापाचं नाही. जात कोलाम. मरणाचं कारण ताप. पोराच्या बापाला वाचता येत नाही, त्याने ओळीवर बोट ठेवून विचारलं, "आन् पोडाचं नाव कोठं हाये?" गावाच्या रकान्यात खालचं मोठं गाव होतं.

दाखला मिळाला. तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. पेसा क्षेत्रातल्या पोडाला ठराव करून स्वतःचं गाव जाहीर करून घेता येतं, मग ग्रामसभाही स्वतःची. एका पोडाने ते मनावर घेतलंय. हद्द दाखवायची म्हणजे नजरी नकाशा, म्हणजे नजरेच्या अंदाजाने हाताने काढलेला नकाशा, हवा, अन् इथं भूगोलाचा मास्तर एकदाचा कामी आला. परवा चावडीत कागद पसरून नाला काढला, मोहाची झाडं काढली, देवाची जागा काढली. सगळे "बराबर, बराबर" म्हणत होते. दारात टोपलं विणत बसलेली म्हातारी मान वर न करता म्हणाली, "पाण्याचा झरा राह्यला जी."

झरा नेमका मोठ्या गावच्या शिवेला लागून आहे. हद्द त्याच्या अलीकडून न्यावी की पलीकडून, यावर रात्री नऊपर्यंत वाद झाला. रविवारी पुन्हा जायचंय, खोडरबर घेऊन.