काकांच्या बेसच्या तारा

काकांची बेस गिटार माझ्याकडे आली ती जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून. सत्तरच्या दशकातली, जपानी बनावटीची, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या वळणाची. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ती वर्षानुवर्षं वाजली. तारा शेवटच्या कधी बदलल्या, असं काकूंना विचारलं.

"बदलल्याच नाहीत रे. आळशी होते."

मला डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन आठवला. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांना खालून तोलून धरणारा बेसवादक. त्याच्या १९६२च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा असत आणि तुटेपर्यंत तो त्यांना हात लावत नसे. हे सगळं काकूंना रंगवून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे तोही आळशीच."

फ्लॅटवाउंड तारेवर बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोट सरकवलं तर करकर नाही. आवाज गोल, बसका, डग्ग्याच्या नात्यातला. राउंडवाउंडवर गुंडाळलेली तार गोल, म्हणून स्पर्श खरखरीत आणि आवाजाला धातूची धार. १९६६मध्ये द हू या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याने तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून अशा तारा करून घेतल्या, कारण त्याला बेसमधून पियानोसारखी झणझण हवी होती. तंबोऱ्याची बंद जवारी आणि खुली जवारी ज्याने ऐकलीय, त्याला एवढं पुरे.

मला अर्थात झणझण हवी होती. पण राउंडवाउंड फ्रेट्स, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, खाते आणि मुंबईच्या दमट हवेत तिची चमक लवकर उतरते. मग लोक त्या तारा पाण्यात उकळतात, खाचांतला मळ निघून काही दिवस आवाज परत येतो. मीही एकदा माझ्या दुसऱ्या गिटारच्या तारा उकळल्या होत्या. आईने पातेल्यात डोकावून विचारलं होतं, "शेवया?"

शेवटी गिटार दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने एक डोळा मिटून दांडीवरून नजर फिरवली, दांडी सरळ ठेवणारा आतला ट्रस रॉड फिरवून पाहिला. हलेना. म्हणाला, "जास्त ताणाच्या तारा लावू नका, दांडी वाकेल आणि मग मला सरळ करता येणार नाही." फ्लॅटवाउंड बहुधा ताणाला चढ्याच, म्हणजे जेमरसनची जाडी गेली. दांडीच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीतल्या खाचाही जुन्या तारांच्या मापाला कोरलेल्या. इतके दिवस मी कोणत्या तारा घ्यायच्या ते ठरवत होतो. गिटारचं कधीच ठरलेलं होतं. राउंडवाउंड फ्रेट्स खाते, म्हणून कमी ताणाच्या फ्लॅटवाउंड, बस्स.

त्याने जुन्या तारा एकेक करून उतरवल्या. खालच्या फ्रेट्स नव्यासारख्या होत्या. फक्त तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर, जाड तारांच्या खाली, खोल खड्डे.

"एकाच सुरात वाजवायचे वाटतं," तो म्हणाला.

हे काकूंना मी अजून सांगितलेलं नाही.